मानसीचं हाड का मोडलं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघाला की उठून गॅलरीत जायचो, नळ नीट बंद आहे का बघायचो, उगाच कोणाला तरी फोन लावायचो. आत्तासुद्धा चार ओळी लिहून दोनदा उठून आलो. सुमन, माझी बायको, आतून ओरडली, "खुर्चीला मुंग्या लागल्यात काय?"

आमच्या नातेवाइकांत आणि सोसायटीत सगळ्यांना एकच गोष्ट माहीत आहे. आमच्या सुनेला पळायचं वेड लागलं, बारीक व्हायच्या नादात तिने खाणं सोडलं, पाय दुखत होता तरी कोणाला सांगितलं नाही, आणि पस्तिशीच्या आत खुब्याचं हाड मोडून घेतलं. स्वतःच्या हट्टाने स्वतःची वाट लावली, असं सगळे म्हणतात. ते खोटं आहे. खोटं आहे हे दोनच माणसांना माहीत आहे. एक ती आणि एक मी.

सुनेला इथे मानसी म्हणतो. ते तिचं खरं नाव नव्हे. लिहू का, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा बाबा. ज्या मुली पळतात त्यांच्या उपयोगी पडेल असं लिहा. फक्त माझं नाव नको." मी काय लिहिणार आहे ते मात्र मी तिला पुरतं सांगितलं नाही.

परवा बागेत आमच्या चालणाऱ्यांच्या टोळक्यातले एक गृहस्थ मुलीचं कौतुक करत होते. ती सकाळी काही न खाता जिमला जाते, संध्याकाळी परत जाते, रात्री फक्त काकडी खाते. "आणि थकत नाही हो!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला बोलायचं होतं. दुसऱ्या फेरीला मी त्यांना गाठायला गेलो तर ते निघून गेले होते. म्हणून हे लिहितो आहे.

स्कूटरवरचा कोच

मी मूळचा मालवणकडचा. तरुणपणी गिरणीत होतो आणि गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचो. संपात गिरणी गेली, संघ गेला. पुढे मुलुंडला एका औषधांच्या कंपनीत स्टोअरमध्ये नोकरी केली, तिथूनच निवृत्त झालो. पण मनाने मी मैदानातून बाहेर आलोच नव्हतो. आमचे कोच अण्णा म्हणायचे, मेहनत रिकाम्या पोटी करायची. पोट भरलं की पाय जड होतो. पहाटे आम्ही चहासुद्धा न पिता मैदानात उतरायचो. त्यानंतर गिरणीच्या कँटीनमध्ये आम्ही किती चापायचो, ते मात्र माझ्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते रिकामं पोट.

मानसी माझ्या मुलाची, निलेशची, बायको. मरोळला एका ऑफिसात नोकरी करायची. लॉकडाऊनमध्ये घरात बसून तिचं वजन थोडं वाढलं. निलेश चिडवायचा, "यार, तू झकास गोल झालीस." ती हसायची, पण एक दिवस म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी तुमच्याबरोबर चालायला येते."

ती चालायला आली आणि महिन्याभरात मी तिला पळायला लावलं. पोरीचा दम विलक्षण होता. मुलुंड कॉलनीच्या टोकाला डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा चढ ती न थांबता चढायची. मी मागून स्कूटरवर. "खांदे सैल सोड! नाकाने श्वास घे!" असं ओरडत. रस्त्यावरची पळणारी पोरं मला 'कोच काका' म्हणायला लागली. किती वर्षांनी मला कोणी मैदानातल्या नावाने हाक मारत होतं.

पहिल्या दिवसांत ती निघताना एक केळं खायची. मीच ते बंद केलं. "पोटात दगड घेऊन पळणार काय?" असं म्हणालो. परत आल्यावर घाईघाईत डबे भरायचे, आंघोळ, ऑफिस. नाश्ता राहून जायचा. दुपारी डब्यातल्या दोन पोळ्या. संध्याकाळी मी तिला जिन्यांचा व्यायाम करायला लावायचो, आमच्या सात मजल्यांवर. रात्री ती सगळ्यांना वाढून शेवटी बसायची, उरलं असेल ते घ्यायची. आमच्या घरात बायका तशाच बसतात. माझी आई तशी बसायची, सुमन तशी बसते. सोमवारचा उपास, संकष्टी, वर आणखी चतुर्थ्या. सुमन शेजारणीला सांगायची, "माझी सून बाय गुणाची. ताटात एवढंसं घेते. एवढी धावते पण हावरटपणा नाय."

कमी खाणाऱ्या सुनेची काळजी करायची असते, हे आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. तिचं कौतुक करायचं एवढंच आम्ही शिकलो होतो.

गणपतीतली गुणाची सून

आता जे लिहायचं आहे ते माझ्या वयाच्या माणसाला लिहिताना अवघड जातं. पण त्यातच सगळं आहे.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. आमच्या घरात पाळी आलेली बाई देवाला शिवत नाही, सोवळ्याच्या स्वयंपाकाला लागत नाही. म्हणून गणपती जवळ आला की बायकांची धांदल. कोणाची तारीख कधी, कोण बाजूला बसणार, कोणी पुढे ढकलायची गोळी घ्यायची. दरवर्षीचा हा गोंधळ. त्या वर्षी मानसीने सगळे मोदक केले, रोजचा नैवेद्य केला, विसर्जनापर्यंत एकटीने ओढलं. सुमन खूश. नणंदेला फोनवर सांगत होती, "हिला गोळी पण लागत नाय. गेल्या गौरीत पण अडचण नव्हती, दिवाळीत नाय, सत्यनारायणाला नाय. देवालाच हिच्या हातचं हवं बघ."

मधे एकदा सुमनला वाटलं होतं की गोड बातमी असेल. तशी ती नव्हती. मग तो विषय मागे पडला, आणि मोदक तेवढे राहिले. इतके महिने एका तरुण बाईची पाळी येत नाही, याचा अर्थ आमच्या घराने काय लावला, तर सून सणाला उपयोगी पडते.

सुमनला एकटीला दोष देऊन मी सुटू शकत नाही. कारण मानसीने मला विचारलं होतं. गणपतीनंतरच्याच दिवसांत, डोंगराच्या पायथ्याशी ती पाय ताणत उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुमच्या वेळी मुलींचा पण संघ होता ना? त्यांचं... महिन्याचं वगैरे, नीट असायचं का?"

मी पण तिच्याकडे बघितलं नाही. स्कूटरच्या आरशावरची धूळ पुसली. अण्णांचं एक वाक्य मला आठवलं, तेच मी तिला दिलं. "अंग कसलं की थांबतं म्हणायचे. ज्या पोरीची मेहनत खरी तिचं थांबतं."

"म्हणजे काळजीचं नाही ना?"

"उलट चांगलं. पुढच्या महिन्यापासून चढाच्या दोन फेऱ्या कर."

तिने मान हलवली. तिला डॉक्टरकडे जायचं होतं, हे आज मला कळतं. ती परवानगी मागत होती. मी तिला शाबासकी दिली.

बाकीच्या खुणा तर डोळ्यांसमोर होत्या. पंखा चालू असला तर ती स्वेटर घालून बसायची, तोही मुंबईच्या उकाड्यात. बाथरूमची जाळी मी साफ करायचो, हाताला केसांचे गुंतवळ लागायचे. सर्दी गेली की परत सर्दी. हसरी पोर निलेशवर खेकसायला लागली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिचा वेग कमी झाला. जास्त पळत होती आणि हळू पळत होती. कुठल्याही शहाण्या माणसाने तिला थांबवलं असतं. मला एकच उपाय माहीत होता, आणखी मेहनत. तसं बघायला ती काही काडी झाली नव्हती. कपड्यांत चांगली दिसायची. लोक विचारायचे, "काय खातेस गं? आम्हाला पण सांग!"

टपरीवर

जानेवारीत मोठी शर्यत होती. नवरात्रात तिने सुमनबरोबर नऊ दिवसांचे उपास धरले आणि पळणंही सोडलं नाही. मी बागेत सांगत फिरलो, "माझी सून राजगिऱ्याच्या लाडवावर डोंगर चढते!"

थंडीत एका सकाळी, पळून झाल्यावर आम्ही हायवेच्या कडेच्या टपरीवर चहा घेत होतो. तिने तिचा पेला फळीवर ठेवला.

"बाबा, जांघेत दुखतंय."

"कुठे?"

"आत खोल. काल ऑफिसचा जिना चढताना कळ आली. डावा पाय टाकला की येते."

"पळताना?"

"सुरुवातीला जास्त. मग बधिर होतं."

"मग झालं तर. अंग तापलं की जातंय, म्हणजे स्नायू आखडलाय."

"डॉक्टरला दाखवू का एकदा?"

मला शर्यत दिसत होती. तिच्या मागे स्कूटरवर मी, आणि टाळ्या वाजवणारे लोक. "डॉक्टर काय सांगणार? थांबा म्हणणार. त्यांचं शिक्षणच तेवढं. मी बोट मोडलेलं असताना फायनल खेळलोय."

"निलेशला सांगते. तो म्हणाला तर..."

"निलेशला अजिबात नको. तो लगेच बंद करेल तुझं सगळं. तुझ्या सासूला तर नकोच नको. कोणाला बोलू नकोस. शर्यत होऊ दे, मग मी स्वतः तुला घेऊन जातो."

तिने पेला परत उचलला. "ठीक आहे, बाबा."

बस, एवढंच. टपरीवाल्याने ऐकलं असेल तर त्याने, नाहीतर कोणीच नाही. मी कोच होऊन बोललो. ऐकणारी माझी खेळाडू नव्हती, माझ्या घरात आलेली सून होती. सासऱ्याला "नाही" म्हणायची सवय तिला कोणी लावलीच नव्हती, आणि मी तर तिच्या त्या ऐकण्यालाच जिद्द समजत होतो.

त्या दिवसापासून मी तिला चोळायला तेल आणून दिलं. फेऱ्या कमी केल्या नाहीत.

रस्त्यावर

शर्यतीच्या आधीच्या मोठ्या सरावाला आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर ती पाय ओढायला लागली. मी स्कूटर तिच्या बाजूला घेतली.

"बाबा, पाय उचलत नाही."

मी काय म्हणालो ते लिहायला मला ह्या ओळीवर खूप वेळ लागला आहे. मी म्हणालो, "त्या बसस्टॉपपर्यंत चल. मन खंबीर कर."

ती बसस्टॉपपर्यंत गेली नाही. थोडी पुढे गेली आणि एका बाजूला कलंडली, जशी एखादी टेकू काढलेली शिडी घसरते. ओरडली नाही. रस्त्यावर बसून ती फक्त "आई गं, आई गं" म्हणत होती, अगदी हळू. रिक्षात तिला उचलून घेताना तिचं वजन मला जाणवलं. नेहमी लांबूनच बघितलं होतं.

हॉस्पिटलात निलेश धावत आला. फोटो निघाले. हाडांच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि सांगितलं की हाडाला आधीपासून तडा असणार, त्यावर पळत राहिल्याने आज ते पूर्ण तुटलं. तातडीने ऑपरेशन करून स्क्रू घालावे लागतील. मग खुर्ची ओढून त्या मानसीजवळ बसल्या.

"सकाळी पळायच्या आधी काय खाता?"

"काही नाही."

"नंतर?"

"जमेल तसं."

"शेवटची पाळी कधी आली?"

मानसीने छताकडे बघितलं. निलेश म्हणाला, "येत असेल ना, म्हणजे... काय गं?" मी दाराकडे सरकलो. अशा वेळी सासऱ्याने बाहेर जायचं असतं. त्या रिवाजाचा मला तेव्हा किती आधार वाटला! पण दार उघडायच्या आत पुढचा प्रश्न आला.

"दुखत कधीपासून होतं? कोणाला सांगितलं होतं?"

मानसीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं. मग म्हणाली, "नाही. कोणालाच नाही. मला वाटलं जाईल आपोआप."

"वेडी आहेस का तू?" निलेश ओरडला. "घरात तीन माणसं आहोत आम्ही! एकाला सांगता येत नाही?"

मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेलो. मशीनसमोर उभा राहिलो. पाणी घेतलं नाही. परत आत गेलो, परत बाहेर आलो. मला त्या खोलीत उभं राहता येत नव्हतं आणि बाहेरही थांबता येत नव्हतं. ती अस्वस्थता अजून अंगात आहे.

डॉक्टरांनी सांगितलं ते

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला सगळ्यांना बसवून सांगितलं. वैद्यकीय भाषा मला येत नाही, मला कळलं तसं लिहितो.

माणसाला पळायला अन्न लागतं, आणि नुसतं जगायलाही लागतं. पळण्यात एवढं जातं आणि पोटात एवढंसं येतं, असं फार काळ चाललं की शरीर एकेक काम बंद करायला लागतं. बाईच्या शरीरात पाळी हे लवकर बंद होणारं काम. मग हाडं भरून येणं थांबतं. केस, झोप, चिडचिड, सततची थंडी, सगळं त्यातलंच. "पाळी बंद होणं ही मेहनतीची पावती नाही," त्या म्हणाल्या. "ती धोक्याची घंटा आहे. वजन बघून हे कळत नाही, अंगाने भरलेल्या मुलींनाही होतं. आणि मुद्दाम उपाशी राहिलेल्यांनाच होतं असंही नाही. कित्येकींना कळतच नाही की आपण कमी खातोय."

सुमन म्हणाली, "डॉक्टर, आमच्या घरात अन्नाला तोटा नाय हो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण ताटात किती येतं ते कोणी बघितलं?"

शेजारच्या खाटेवरची आजी

वॉर्डात मानसीच्या शेजारच्या खाटेवर मढची एक कोळीण आजी होती. मुलुंडला लेकीकडे आली आणि न्हाणीघरात पडली. हाड तेच, खुब्याचं. पहिल्याच दिवशी तिने मानसीला विचारलं, "काय गं, आमच्या वयाचं दुखणं तू कशाला घेतलंस? घाई काय होती?"

मानसी त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा तेव्हा हसली. हसताना टाके दुखले म्हणून रडली.

सकाळी नर्स यायची, पाय हलवायला लावायची. वॉकर धरून दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. डोंगर चढणारी पोर दारापर्यंत जाऊन घामाने भिजायची. मग खाणं. आहारतज्ज्ञ मुलीने पळायच्या आधीचं, नंतरचं, मधलं, सगळं पुन्हा शिकवलं, पण मानसीला घास उतरत नव्हता. भूकच मेली होती. आजीची लेक डबा आणायची, त्याचा वास वॉर्डभर सुटायचा. आजी पडदा सारून म्हणायची, "ये पोरी, मी एकटी नाय खात. तू खाशील तर मी खाणार. मला उपाशी मारतेस काय?" मासळीचा रस्सा आणि भात दोघी खाटेवर बसून खायच्या. मी कोपऱ्यात उभा राहून तो प्रत्येक घास बघायचो.

एकदा आजी मला म्हणाली, "बसा की हो. येताय-जाताय, येताय-जाताय. तुमचंच हाड मोडलंय जणू."

मानसीने मान खाली घातली आणि भात कालवला.

दोन आया

घाटकोपरहून विहीणबाई आल्या आणि वॉर्डाच्या दारातच ठिणगी पडली. "माझी मुलगी उपाशी राहत होती आणि तुम्हाला दिसलं नाही?" त्या सुमनला म्हणाल्या.

"आम्ही काय बांधून ठेवलेली हिला?" सुमनचा आवाज चढला, आणि आवाज चढला की ती मालवणीवर येते. "पळूचा याड हिचा, बारीक होवचा याड हिचा, आणि नाव आमचा?"

"नऊ दिवसांचे उपास कोणी करायला लावले?"

"लावले नाय! तिनेच धरले!"

मग दोघी आत गेल्या आणि दोघींनी मिळून मानसीला धरलं. का सांगितलं नाहीस, एवढा कसला हट्ट, असली कसली हौस. दोन भांडणाऱ्या बायकांना एकत्र आणणारं कारण ती झाली. मी खिडकीपाशी होतो. एका वाक्यात ते थांबलं असतं.

दोघी गेल्यावर मी खाटेजवळ गेलो. "मानसी, मी बोलतो सगळ्यांशी," असं पुटपुटलो.

"नको बाबा," ती म्हणाली. "आधीच सगळे भांडतायत. त्यात तुमचं नाव कशाला?" आणि डोळे मिटून घेतले.

मला सुटल्यासारखं वाटलं. हेच मला सगळ्यांत जास्त टोचतं. तिने मला वाचवलं तेव्हा मला लाज वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं.

बाजूला

वॉकर गेला, काठी आली, काठीही गेली. त्यात बरेच महिने गेले. मधे रडणं होतं, निलेशशी भांडणं होती, "आता मी कशालाच उपयोगाची नाही" असं म्हणणं होतं. खाणं हे औषधासारखं, भूक नसली तरी वेळेवर. निलेश तिचं ताट आधी वाढायला लागला. पहिल्यांदा सुमनच्या कपाळाला आठी पडली.

पुढचा एक गणपती असाच गेला. त्यानंतरच्या गणपतीत, ऐन मोदकांच्या दिवशी, मानसी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकली. "आई, मी आत येत नाही. मला... आजपासून बाजूला."

सारण ढवळणारा सुमनचा हात थांबला. इतक्या वर्षांत ह्या बातमीवर तिच्या तोंडून नेहमी "आता गं!" असंच निघालं होतं. ती उठली, हाताला लागलेला गूळ तसाच, आणि मानसीला मिठी मारून रडायला लागली. सोवळ्यातली बाई. मग तिलाच कळलं आपण काय केलं. "जाऊंदे, परत आंघोळ करते," असं म्हणून तिने आधी मानसीचं ताट वाढलं. नैवेद्य व्हायचा होता. मानसी आधी जेवली, गणपती नंतर.

आमच्या घरातला रिवाज सगळा बदलला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, आता सांगावं. सगळे बऱ्या मनःस्थितीत आहेत. आरती झाली, पाहुणे आले, पाहुणे गेले. मी सांगितलं नाही.

बोरिवलीला

निलेश आणि मानसी आता बोरिवलीला राहतात. ऑफिसला सोयीचं म्हणून गेले, असं आम्ही सांगतो. ती आता पोहते, चालते, कधीमधे थोडं पळते, खाऊनच. डाव्या पायात थंडीत कळ येते.

गेल्या महिन्यात मी एकटाच तिकडे गेलो होतो. ठरवून गेलो होतो. रिक्षात वाक्यं जुळवत होतो. तिथे निलेशचा एक मित्र आणि त्याची बायको जेवायला आले होते. जेवताना ती मुलगी म्हणाली की तिने पळायला सुरुवात केली आहे, नडगी दुखते, पण चालायचंच.

"चालायचंच नाही," मानसी पटकन म्हणाली. "उद्या दाखव. आणि पळायच्या आधी काय खातेस?"

निलेश हसला. "हिचं ऐक. हिला अनुभव आहे. ही बाई महिनाभर मोडकं हाड घेऊन पळाली, घरात तीन माणसं, एकाला बोलली नाही."

"का गं नाही सांगितलंस?" त्या मुलीने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मानसीने पोळीला तूप लावलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मूर्खपणा. दुसरं काय."

माझा घास हातात होता. बोलायला तोंड उघडलं. निलेशने विचारलं, "बाबा, काय हवं?" मी म्हणालो, "पाणी."

निघताना मानसी मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आली. उतरताना ती जिन्याचा कठडा धरते, ते मी बघत होतो. "पोचलात की फोन करा," ती म्हणाली.

"मानसी..."

"हां, बाबा?"

रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "काका, बसताय ना?" मी बसलो. तिने हात हलवला. रिक्षा वळेपर्यंत ती तिथेच उभी होती, बहुतेक मी काही बोलेन म्हणून.

त्या जेवणाच्या टेबलावर, निलेशसमोर, त्या पाहुण्यांसमोर मला बोलायचं होतं ते असं. निलेश, ती खोटं बोलते आहे, माझ्यासाठी. तिने सांगितलं होतं. वेळेवर, स्पष्ट, मलाच सांगितलं होतं, आणि मीच तिला कोणाला बोलू नकोस म्हणालो. मानसी, तू मूर्खपणा केला नाहीस. तू विचारलंस आणि मी तुला पळायला लावलं. मला माफ कर, बाळा.